वरचं साडेतीन मीटर

उडदाच्या पापडाचं पीठ कुटण्याइतकं हलकट काम दुसरं नाही. मळून ठेवलेलं पीठ दगड झालेलं असतं. त्याला तेलाचा हात लावायचा, पाट्यावर ठेवून लोखंडी बत्त्यानं ठोकायचं, घडी घालायची, परत ठोकायचं. ते जरा नरम येईपर्यंत तळहाताला फोड आलेला असतो. जळगावला आमच्या गल्लीत मार्च संपत आला की पापड सुरू व्हायचे. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. सकाळचं काम आवरलं की सगळ्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून निघायच्या, आणि त्या दिवशी कुटायला कुणी बसायचं ते खेळावर ठरायचं.

त्या खेळाला आम्ही ‘गाठ’ म्हणायचो. एकीनं कुणी कुणाला कसं फसवलं त्याची गोष्ट सांगायची. गोष्ट खरी हवी. सांगून झाली की समोरच्यांपैकी कुणा एकीकडे बोट दाखवून विचारायचं, ‘सांग, गाठ कुठे?’ म्हणजे तो माणूस नेमका कुठल्या जागी फसला. तिला सांगता आलं तर गोष्ट सांगणारी कुटणार, नाही आलं तर ती कुटणार. आणखी एक नियम होता. सांगणारीनं काही लपवायचं नाही. लपवलेलं उघडं पडलं तर कुटणं तिच्याच गळ्यात.

लग्न होऊन आले तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. समोरच्या घरातल्या अक्का या खेळाच्या म्होरक्या. वयानं सासूबाईंच्या बरोबरीच्या, तोंडानं चौघींना पुरून उरतील अशा. त्या गोष्ट सांगायच्या आणि बोट बरोबर माझ्याकडे वळायचं. ‘काय गं धुळेवाली, सांग!’ मला सांगता यायचं नाही. सगळ्या हसायच्या आणि मी बत्ता उचलायची. पहिल्या दोन उन्हाळ्यांत मी जेवढं कुटलं तेवढं त्या गल्लीत कुणी कुटलं नसेल. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, आमची सून कामाला वाघ आहे. वाघ कसला, अडकलेली शेळी होते मी.

गोष्टी नाना तऱ्हेच्या असायच्या, पण रंगायच्या त्या चोरीच्या मालाच्या. भुसावळला वॅगनमधून उतरवलेला म्हणून घेतलेला तुपाचा डबा, वर चार बोटं तूप आणि खाली उकडलेले बटाटे. बोटीवरून लपवून आणलेलं म्हणून घेतलेलं घड्याळ, विकणारा कोपऱ्यावरून वळेपर्यंतच चाललेलं. व्हिडिओच्या खोक्यात विटा. असल्या गोष्टींत एक सोय असते, फसलेल्याची दया करावी लागत नाही. चोरीचा माल स्वस्तात घ्यायला निघाला होता ना मेला, मग बरं झालं. तो पोलिसात जाऊ शकत नाही, शेजाऱ्याला सांगू शकत नाही, बायकोसमोरही नीट रडू शकत नाही. त्याला मनसोक्त हसता येतं आणि वर आपण सज्जन उरतो. मीही हसत होते. पण तसला एक माणूस मला चांगला माहीत होता.

तो माझा बाप. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

नाना धुळ्याला कापडाच्या मिलमध्ये होते. माझ्या लग्नाच्या बोलणीत सांगितलं गेलं, मुलीचे वडील टाइम ऑफिसात आहेत. खोटं नव्हतं ते, टाइम ऑफिसाच्या हजेरीपटावरच त्यांचं नाव होतं. पण काम गेटवरचं. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगारांची झडती घ्यायची. कमरेला, पोटाला, डब्यात, कुणी कापड लपवून नेतंय का बघायचं. नाना त्या कामात पक्के होते. माणसाच्या चालीवरून ओळखतो म्हणायचे. मी शाळेत असताना त्यांनी एकाला धरलं होतं. त्यानं धोतराच्या आत कमरेला चादरीचं कापड गुंडाळलेलं होतं. त्याची नोकरी गेली. त्याची बायको आमच्या दारात येऊन बसली, कडेवर पोर. नानांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, ‘मी काय करू, बाई? कायदा शे.’ ती पाणी न पिताच उठून गेली. नाना त्या दिवशी जेवले, नेहमीसारखे जेवले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या बापाचा मला देव करायचा नाही.

मिलला तेव्हा उतरती कळा लागली होती. कधी महिनाभर चालायची, कधी पंधरा दिवस बंद. त्यातच माझं लग्न ठरलं आणि जळगावहून मानपानाची यादी आली. पाच पुरुषांना सुटाचं कापड. सासरे, दोन चुलत सासरे, नवरदेवाचा मामा आणि मोठे दीर. कापड ‘मिलचं’ हवं असं यादीत वेगळं लिहिलेलं होतं. मुलीचा बाप मिलमध्ये आहे म्हटल्यावर त्याला काय जड, असा हिशेब असणार. मिलनं कामगारांना सवलतीत कापड द्यायचं केव्हाच बंद केलं होतं. नाना यादी खिशात घेऊन फिरायचे, घडी पडून पडून तिचे चार तुकडे व्हायला आले होते.

एका दुपारी दारात एक माणूस आला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं लांबट ओझं. मी आतल्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवत होते, मधल्या दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं.

‘नाना, जरा घरमा येऊ द्या. बाहेर लोके दखतस,’ तो म्हणाला.

नानांनी त्याला ओळखलं नाही. मिलमध्ये हजारभर माणसं, आणि बंदच्या काळात तात्पुरत्या कामावरचे बदलीवाले येत-जात राहायचे. त्यांनी त्याला आत घेतलं. त्यानं गोणपाट थोडंसं बाजूला केलं. आत कापडाचा तागा होता, तपकिरी टेरिकॉट, वर कच्च्या सुतळीचे पाच-सहा वेढे. कापड बघताच नानांचा हात आपोआप पुढं गेला. त्यांनी पोत बघितला, दोन बोटांत चुरगाळून सोडला, सुरकुती पडते का पाहिलं. मग अंगठा काठावरून फिरवत नेला, हातभर. परत एकदा फिरवला. आणि त्या माणसाकडं बघितलं.

इथं मिलच्या गावातली एक गोष्ट सांगायला हवी. मिलच्या कापडाच्या काठावर मिलचा छापा असतो. बाजारात गिऱ्हाईक आधी छापा बघतं. छापा असला की माल खरा. पण आमच्या मिलच्या चाळीत उलटं शिकवलं होतं. छापा मारला जातो अगदी शेवटी, घडी खात्यात. ज्या कापडाला छापाच नाही, ते त्याच्या आधीच बाहेर पडलेलं, म्हणजे आतून पळवलेलं. म्हणजे शंभर टक्के मिलचं. छापा कुणीही बनवू शकतो, छापा नसणं कोण बनवणार? हे शहाणपण फक्त मिलच्या माणसाला असतं. गेटवर उभं राहून वीस वर्षं कापडाचे काठ तपासलेल्या माणसाला तर पक्कंच.

तो माणूस माल चोरीचा आहे असं एकदाही म्हणाला नाही. मी एकेक शब्द ऐकत होते. त्यानं फक्त तागा पुढं केला. चोरीचा आहे हे माझ्या बापानं स्वतःच्या अंगठ्यानं शोधून काढलं, आणि स्वतः शोधलेल्यावर माणूस शंका घेत नाही.

‘दार लोटी ले,’ नाना म्हणाले.

त्या तीन शब्दांनी माझा मशीनवरचा पाय थांबला. मला वाटलं आता ते त्याला धरणार. त्यांनी धरलं नाही. ते आत आले, माझ्याकडं न बघता आईच्या ट्रंकेतून पैसे काढले आणि बाहेर नेऊन दिले. तागा उलगडून बघायचं नावच नाही. सुतळी सोडली, कुणी आलं, तर? ज्या हातांनी लोकांच्या कमरेची कापडं सोडवली, त्याच हातांनी त्यांनी तागा खाटेखाली ढकलला आणि पुढं पाण्याचा हंडा ठेवला.

संध्याकाळी आई बाजारातून आल्यावर खिडक्या लावून आम्ही तागा उघडला. वरचं साडेतीन मीटर कापड होतं. चांगलं, नितळ, एक दोष नाही. त्याच्या आत गोणपाट. गोणपाटाच्या आत सारख्या लांबीच्या तोडलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, शेतात कापूस वेचून झाल्यावर जळणाला आणतात त्या, आणि वजनाला मधोमध एक वीट. नाना जमिनीवर बसले होते. त्यांनी वीट उचलून बाजूला ठेवली, पऱ्हाट्या एकेक करून नीट रचल्या. ‘छापा नही व्हता,’ म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, ‘छापाच नही व्हता ना.’

आई माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, ‘हाई घरना बाहेर जावाले नको.’ मी मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या आणि चार सुटांचं कापड दुकानातून आलं. पाचवं आमच्याकडं होतंच. ते साडेतीन मीटर नानांनी स्वतः इस्त्री करून, कागदात घालून, लग्नात माझ्या सासऱ्यांना दिलं. यादीत पहिलं नाव त्यांचं होतं.

सासऱ्यांनी त्याचा सफारी शिवला. आणि काय सांगू, तो सफारी त्यांना इतका आवडला की प्रत्येक लग्नाला, प्रत्येक साखरपुड्याला तोच. बाकी चौघांची दुकानातली कापडं पेटीत पडून राहिली, हे मात्र वर्षानुवर्षं अंगावर. दर वेळी कुणाला तरी बाही दाखवत सांगायचे, ‘व्याह्यांनी दिलेलं. धुळ्याच्या मिलचं.’ तो सफारी धुवायचं काम माझं. मी तो पिळायची नाही, निथळत टांगायची.

आता माझ्या पापाकडं येते.

तिसऱ्या उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी पापड आमच्या अंगणात होते आणि माझा अंगठा भाजलेला होता. बत्ता धरवत नव्हता. अक्कांचं बोट माझ्याकडं वळायच्या आत मी म्हटलं, आज मी सांगते. नवी सून पहिल्यांदा तोंड उघडत होती.

मी सांगितलं, आमच्या धुळ्याच्या गल्लीत एक माणूस राहायचा. मिलच्या गेटवर झडती घ्यायचा. गेटवरचा सांगितल्याशिवाय गोष्टीत मजाच नव्हती. धोतरातल्या कापडाची गोष्टही सांगितली, कडेवरच्या पोरासकट. आणि त्या माणसाला मी लोभी केलं. कापड बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं असं सांगितलं. अंगठा काठावरून कसा फिरवला याची नक्कल केली, पोळपाटाच्या कडेवरून. हंडा पुढं ठेवल्याचं सांगितलं तेव्हा एकीला ठसका लागला. लग्नाचं, यादीचं काही सांगितलं नाही. कापडाचा रंग निळा केला. मग अक्कांकडे बोट करून विचारलं, सांगा, गाठ कुठे?

अक्का म्हणाल्या, उलगडून बघितलं नाही तिथं. मी म्हटलं, चूक. आणि छाप्याची गोष्ट सांगितली. अंगणात असं हसू फुटलं की गल्लीतली पोरं बघायला आली. छापा नाही म्हणून खरं! सासूबाई तर डोळे पुसत होत्या. त्या दिवशी अक्का कुटायला बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मी मांडी घालून नुसते पापड लाटले, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, ‘मग त्या वरच्या कापडाचं काय केलं त्यानं?’

समोर दोरीवर सफारी वाळत होता.

‘पायपुसणं,’ मी म्हटलं. परत हसू फुटलं.

त्या दिवसापासून गोष्ट माझी राहिली नाही. गल्लीत दर उन्हाळ्याला ती कुणीतरी सांगायचीच. नवी सून आली की तिच्यासाठी हीच गोष्ट ठेवलेली असायची. अक्कांनी ती नशिराबादला लेकीकडं नेली, कुणी पारोळ्याच्या माहेरी नेली. तिला शेपूट फुटलं, दोन विटा झाल्या, वीट त्या लोभ्याच्या पायावर पडली. शेवट मात्र कुणी बदलला नाही. पायपुसणं म्हटलं की हसायचं, असं ठरूनच गेलं होतं. मी प्रत्येक वेळी हसले. नऊ वर्षं.

आई गेल्यावर नाना क्वचित माझ्याकडं येऊ लागले. मिल केव्हाच कायमची बंद पडली होती. त्या चैत्रात आले तेव्हा आमच्याच अंगणात पापड होते. नाना ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. व्याही घरी आलेत म्हटल्यावर बायकांना जोर चढला. थट्टा करायची तर व्याह्याचीच, हा इकडचा रिवाज. अक्का म्हणाल्या, ‘आज नानांना खेळायला घ्या!’ मी म्हटलं, त्यांना ऐकू कमी येतं, राहू द्या. माझ्या आवाजात काहीतरी असणार, कारण नानांनी पेपर खाली ठेवला.

‘तुमच्या धुळ्याचीच गोष्ट आहे, नाना,’ अक्का म्हणाल्या, आणि सुरू झाल्या.

मी लाटत होते. एकच पापड लाटत राहिले, फाटेपर्यंत. ओसरीकडं बघायची हिंमत नव्हती. गेटवरचा माणूस आला, कमरेचं कापड आलं, ती बाई, तिचं पोर आलं. तोंडाला सुटलेलं पाणी आलं. अक्कांनी अंगठ्याची नक्कल केली, मी केली होती तशीच. माझ्या बापाचा अंगठा नऊ वर्षं त्या अंगणात फिरत होता. मग हंडा, मग पऱ्हाट्या, मग दोन विटा. मग पायपुसणं. सगळ्या हसल्या. सासूबाई सगळ्यात मोठ्यानं.

‘सांगा नाना, गाठ कुठे?’

मी वर बघितलं. नाना माझ्याकडं बघत नव्हते. दोरीवर बघत होते. कालच धुतलेला सफारी तिथं होता. त्यांना उत्तर येत होतं, जगात त्या एका माणसाला ते सगळ्यात आधी आलं होतं. ते बोलले असते, तर कुटायला अक्का बसल्या असत्या. आणि त्यांनी दोरीकडं नुसतं बोट केलं असतं, तर लपवल्याच्या नियमाप्रमाणे मी.

‘माले नही समजनं, अक्का,’ ते म्हणाले. ‘मी हारनू.’

ते उठले, ओसरी उतरले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पाट्यापाशी बसले. अक्का ओरडल्या, अहो गंमत केली, राहू द्या. सासूबाई लाजल्या, व्याह्यांना असलं काम! नाना म्हणाले, खेळ तो खेळ. त्यांनी बत्ता उचलला. पहिले चार-पाच ठोके पडेपर्यंत बायका हसत होत्या, मग हसू ओसरलं. ते थांबेनात. पीठ नरम आलं तरी घडी घालत होते, ठोकत होते. कपाळावरचा घाम नाकावरून खाली टपकायला लागला तेव्हा मी उठून त्यांच्या हातातला बत्ता धरला. त्यांनी तो निमूट सोडला आणि हात धुवायला गेले.

माझं तोंड उघडलं नाही. एवढं एक वाक्य होतं, की हे माझे वडील आहेत, त्या गोष्टीतले, आणि ती यादी तुमची होती. नऊ बायका समोर बसल्या होत्या. मी खाली बसून लाट्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना धुळ्याच्या गाडीवर बसवायला स्टँडवर गेले. त्यांच्या उजव्या तळहातावर फोड फुटलेला होता, तो हात त्यांनी पूर्ण वेळ पिशवीखाली ठेवला होता. गाडी लागली. ते खिडकीपाशी बसले. मी खाली उभी. माफी मागायची म्हणून रस्ताभर शब्द जुळवत आले होते.

‘नाना, मी...’

‘सांगं ते सांगं,’ ते म्हणाले. रागानं नाही, गेटवर बोलायचे त्या आवाजात. ‘फसनू ते खरंच शे. लोभी म्हननी, ते बी म्हन.’ मग म्हणाले, ‘पन पायपुसनं म्हनाले नको व्हतं. चांगलं कापड व्हतं ते.’

कंडक्टरनं घंटी मारली. मी हात वर केला, त्यांनी पिशवीखालचा हात काढला नाही.

घरी आले तर सासूबाई दोरीवरचा सफारी उतरवून घडी घालत होत्या. घडी मोडून त्यांनी बाही माझ्यापुढं धरली. ‘बघ, अजून रंग हललेला नाही,’ म्हणाल्या, ‘मिलचं ते मिलचंच.’

‘हो,’ मी म्हटलं, आणि इस्त्री तापत ठेवली.